लांब वेणीवालीचं नाव

बुरुल एजेच्या टेबलाचा डावा खण ओढला की आधी विणकामाच्या सुया लागतात, मग लोकरीचा गुंडा, खोकल्याच्या गोळ्या आणि सगळ्यांत खाली एक पिवळं पडलेलं कार्ड. त्या कार्डाला कुणी हात लावलेला तिला चालत नाही.

नियम असा की जो वाचक तीन वर्षं वाचनालयात फिरकला नाही, त्याचं कार्ड डिसेंबरात काढून टाकायचं. बुरुल एजे, म्हणजे आमची बुरुलताई, वाचनालय सांभाळते आणि नियमाची पक्की आहे. मॉस्कोला कामाला गेलेले, बिश्केकला पोरांकडे राहायला गेलेले, थेट वर गेलेले, सगळ्यांची कार्डं ती शेगडीत घालते आणि त्यावर चहा उकळते. “वाचायला आले नाहीत तर नाहीत, निदान ऊब तरी देतात,” म्हणते. पण हे एक कार्ड पंचवीस डिसेंबर टिकलं. झूराकान, जन्म १९७१. शेवटचं पुस्तक परत: मार्च १९९९.

ही झूरा मेलेली नाही की मॉस्कोलाही गेलेली नाही. वाचनालयाच्या खिडकीतून तिच्या घराचं निळं छप्पर दिसतं.

मी शेजारच्या क्लबात नाटकं बसवते. थंडीत क्लब गरम होत नाही म्हणून आमच्या तालमी वाचनालयात चालतात, आणि बुरुल एजे विणता विणता आमच्या चुका काढते. “अगं मीरिम, तुझी राणी दारातून आत येते तशी आमची दूधवाली येते. जरा थांबून ये. राणीला घाई नसते.” तिचं बरोबर असतं. आत-बाशीच्या खोऱ्यातल्या आमच्या गावात कोण दारातून कसं आत येतं हे तिच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. एकतीस वर्षं ती त्याच खुर्चीत दाराकडे तोंड करून बसली आहे. एकदा तालीम लवकर संपली तेव्हा मी विचारलं, “एजे, कोण यायचंय?” तिने सुई दाखवून मला गप्प केलं. गोष्ट मात्र त्याच दिवशी सांगितली.

ती आणि झूरा पहिलीपासून एका बाकावर बसायच्या. दोघींत मिळून एक सायकल होती. एकीने चालवायची, दुसरीने मागे बसून धडा मोठ्याने वाचायचा. लग्नं झाली तीही याच गावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. बुरुल वाचनालयात लागली तेव्हा पहिलं कार्ड झूराचं लिहिलं गेलं.

मग नव्याण्णव साली बुरुलचे वडील जाऊन वर्ष झालं, त्याचं जेवण झालं. आमच्याकडे मेंढी कापली की कुठलं हाड कुणाच्या ताटात जायचं हे वयाने आणि मानाने ठरलेलं असतं. पाहुण्याचं नाव विसरलं तर लोक हसून सोडून देतात. हाड विसरलं तर नातवंडांना सांगतात. मानाच्या वडील बाईला माकडहाडाचा चरबीदार तुकडा, त्याला आम्ही उचा म्हणतो. तरण्या सुनांना पुढच्या पायाची नळी. कापणारे होते बुरुलचे काका. ताटं वाहणारी बुरुल.

बायकांच्या लोकरी तंबूत दाटी होती. झूरा आणि तिची सासू सायरा-आपा अगदी खेटून बसल्या होत्या. बुरुल दोन ताटं घेऊन आत शिरली, एक सासूचं, एक सुनेचं. झूराने तिच्याकडे बघून डोळा मारला, कारण मागे एक म्हातारी घोरत होती. बुरुलला हसू फुटलं. हसता हसता तिने ताटं खाली ठेवली. उचा सुनेपुढे आणि नळी सासूपुढे.

सायरा-आपाने आपल्या ताटाकडे पाहिलं. मग सुनेच्या ताटाकडे.

“अरे वा,” ती मोठ्याने म्हणाली. “या घरात आजपासून मी सून का?”

घोरणारीसुद्धा जागी झाली. आणि बुरुल, अठ्ठावीस वर्षांची, सगळ्या गावाचे डोळे अंगावर घेऊन उभी असलेली, म्हणाली, “मी नुसती ताटं वाहते, आपा. मेंढी मी नाही कापली.”

दोष गेला काकांवर. झूराने फक्त एकदा वर बघितलं. हात चुकला एवढं म्हण, असं ते बघणं होतं. बुरुल बोलली नाही. सायरा-आपा अन्नाला न शिवता उठली, सून तिच्यामागे उठली, आणि त्या दोघी पुन्हा त्या घराची पायरी चढल्या नाहीत.

“मग तुम्ही का नाही गेलात त्यांच्याकडे?” मी विचारलं होतं.

“पहिल्या आठवड्यात लाज वाटत होती. पहिल्या वर्षी राग होता. मग सवय झाली.” तिने एक टाका उसवला. “आता सायरा-आपा चौऱ्याऐंशीची आहे, मीरिम. ती गेली तर मी कुणाची माफी मागू? तिच्याविना झूराकडे जाणं म्हणजे मागच्या दाराने शिरणं.”

एवढं बोलूनही ती गेली नव्हतीच.

या वर्षी सप्टेंबरात ‘दहावी ब च्या पोरी’ ही कादंबरी आली. शाळेतल्या चार मैत्रिणी तीस वर्षांनी सरोवराकाठच्या आरोग्यधामात भेटतात. त्यातली सायरा, पन्नाशीतही गुडघ्यापर्यंत वेणी असलेली, हिने तरुणपणी दिलदे नावाच्या मैत्रिणीचं एक पत्र लपवलेलं असतं. त्या पत्रामुळे दिलदेचं आयुष्य भलतीकडेच जातं. शेवटी सायरा कबूल करते, दिलदे तिला मिठी मारते, आणि चौघी पाण्यात उतरतात. बिश्केकमध्ये ही कादंबरी म्हणे बसमध्ये उभ्याने वाचत होते. आमच्याकडे दोन प्रती आल्या, आणि दोन्ही कधी टेबलावर दिसल्याच नाहीत. कुणी घरी नेली की शेजारणीने पळवायची, तिच्याकडून जावेने.

बुरुल एजेने मग युक्ती केली. प्रत्येक प्रतीच्या मागच्या खिशात शाळेची एक पातळ वही घातली आणि वर लिहिलं: “नाव लिहू नका, मत लिहा. पुस्तकाबरोबर वही पुढे द्या.” जे कधी वाचनालयात येत नाहीत तेही यात सापडतील, असं तिचं म्हणणं होतं.

नोव्हेंबरात पहिली वही भरून परत आली. आम्ही दोघी शेगडीपाशी बसून वाचायला लागलो.

“रडून रडून उशी भिजली. नवरा विचारतो, कोण गेलं?”

“साठ पानं झाली तरी चहाच पितायत. मला गाई दोहायच्या असतात.”

“तीस वर्षांनी भेटल्या आणि एकीनेही ‘किती सुटलीस गं’ म्हटलं नाही. साफ खोटं.”

“पान ८८ वर घोडीला नोव्हेंबरात शिंगरू होतं. हे लिहिणाऱ्या बाईने घोडी पाहिलीय का?”

“हे आपले जुमाश डॉक्टर,” बुरुल एजे म्हणाली. “गावात गुरांचा दुसरा डॉक्टर नाही.”

“शेवट साखरेत बुडवून काढलाय. दात दुखले.”

“आणि ह्या काल्बू बाई. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, गोड काही सहन होत नाही.”

मी पान उलटलं. पुढचं मत सलग दोन पानं होतं, बारीक, सावध अक्षरांत. मी रंगमंचावर वाचते तसं वाचायला लागले.

“‘सगळे म्हणतात, लांब वेणीवालीला कबूल करायला तीस वर्षं लागली हे पटत नाही. मला पटतं. मला लांब वेणीवालीचा राग येत नाही. ती रोज जायचं ठरवत असेल आणि रोज चुलीवर दूध उतू जात असेल. मला राग येतो दिलदेचा. एवढ्या लवकर मिठी? मी असते तर आधी लांब वेणीवालीच्या तोंडावर दार लावलं असतं. धाडकन. मग उघडलं असतं.’”

“छान लिहिलंय,” मी म्हणाले. “पण दर ओळीला लांब वेणीवाली, लांब वेणीवाली. सरळ सायरा म्हणायला काय झालं?”

बुरुल एजेच्या सुया थांबल्या होत्या.

“परत मोज.”

“काय?”

“किती वेळा लांब वेणीवाली म्हटलंय ते मोज. आणि सायरा किती वेळा ते.”

मी मोजलं. लांब वेणीवाली अकरा वेळा. सायरा एकदाही नाही. दिलदे, उमसुनाय, मेरूएर्त, बाकीच्या तिघींची नावं मात्र धडधडीत लिहिलेली.

“तुझं लग्न नाही झालं ना, म्हणून तुला दिसत नाही,” ती म्हणाली. आवाज अगदी हळू. “सासूचं नाव सून घेते का?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं आमच्या सुना तोंडातून काढत नाहीत. माझ्या काकूच्या सासऱ्याचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड. तिने चाळीस वर्षं खिळ्याला ‘काळं टोकदार’ म्हटलं. पण लिहितानाही नाव टाळणारी, इतकी काटेकोर सून?

“गावात सायरा दोनच,” बुरुल एजे बोटांवर मोजत म्हणाली. “एकीची सून तीन वर्षं मॉस्कोत आहे. दुसरीची…” तिने खिडकीकडे बघितलं. निळ्या छपरावर बर्फ होता आणि धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता. “आपाला मोतीबिंदू झालाय. झूरा तिला वाचून दाखवत असणार. मोठ्याने. आणि प्रत्येक वेळी नावापाशी आली की…”

ती हसायला लागली. हसता हसता चष्मा काढून पुसायला लागली, आणि मग तो बराच वेळ पुसत बसली.

“एजे, ती तुमच्यासाठीच लिहितेय.”

“ती पुस्तकाबद्दल लिहितेय. वहीवर काय म्हटलंय? मत लिहा.” मग थांबून, “दार लावीन म्हणते. लावील हो. झूराचा दार लावायचा हात भारी आहे.”

त्या शनिवारी वाचनालयात कादंबरीवर चर्चा ठेवलेली होती. मी दोन उतारे वाचणार, मग लोकांनी बोलायचं. पस्तीस माणसं आली. बोर्सोक, म्हणजे कणकेचे गोळे, तळून आणलेले, जर्दाळूचा मुरंबा, तीन किटल्या चहा. झूरा आली नव्हती. बुरुल एजेने तिच्या खुर्चीत, दाराकडे तोंड करून बसायचं सोडून पहिल्यांदाच पाठ केली होती.

उतारा संपायच्या आतच काल्बू बाई उठल्या. “एका पत्रासाठी तीस वर्षं? आपलं पोस्टसुद्धा एवढा उशीर करत नाही.”

“तुम्ही कुणाशी कधी भांडलाच नाहीत का, बाई?” मागून एकजण.

“भांडले की! पण दुसऱ्या दिवशी परत भांडायला गेले. अबोला धरला नाही.”

सगळे हसले. जुमाश डॉक्टर टोपी हातात धरून उठले. “माझा मुद्दा शिंगराचा आहे.”

“बसा हो डॉक्टर!”

“बसतो. पण जी बाई शिंगराबद्दल खोटं लिहिते, तिच्या माफीवर मी विश्वास कसा ठेवू?”

“माफीचा आणि शिंगराचा काय संबंध?”

“दोन्हीला अकरा महिने लागतात,” डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. “मध्येच ओढून काढता येत नाही.”

यावर पाच मिनिटं सगळे नुसते हसत होते. मग कुणीतरी म्हणालं, “बुरुल, तू सांग ना. तुझं मत काय?”

याला तिचं ठरलेलं उत्तर आहे. ग्रंथपालाला मत नसतं, मत असलेल्या बाईने दुकान काढावं. आम्ही सगळे ते ऐकायलाच बसलो होतो. ती उठली. हातातली लोकर खुर्चीवर ठेवली, ती गडगडत शेगडीखाली गेली.

“सायराने पत्र लपवलं ते मला खरं वाटतं,” ती म्हणाली. “लपवायला फार काही लागत नाही. एक मिनिट गप्प बसायचं. पुढची वर्षं आपोआप जातात.” “नव्याण्णव साली माझ्या वडिलांच्या जेवणात ताटं मी चुकवली होती. काकांनी बरोबर दिली होती. उजव्या हातात उचा, डाव्या हातात नळी. हात माझा चुकला. सायरा-आपाचा अपमान मी केला आणि नाव काकांचं पुढे केलं. तेव्हा तंबूत जे होते त्यातले बरेच इथे आहेत. म्हणून इथे सांगते.”

किटली उकळत होती.

“म्हणजे तुझे काका बिचारे मरेपर्यंत ऐकून घेत होते?” डॉक्टर म्हणाले. “मीच त्यांना किती चिडवलंय. ‘या, आंधळे खाटिक’ म्हणायचो.”

“हो.”

“त्यांच्या कबरीवर जाऊन सांग.”

“काल जाऊन आले.”

काल्बू बाईंनी नाक पुसलं आणि कडक आवाजात म्हणाल्या, “चहा कोण ओतणार आहे? की तेही पुस्तकात लिहिलेलं नाही?”

गावात बातमी पायी जात नाही. आम्ही पेले धुऊन होईपर्यंत ती निळ्या छपराखाली पोचली असणार. तरी रविवारी सकाळपर्यंत तिकडून काही नाही. बुरुल एजेच्या घरी हिवाळ्याची मेंढी कापायची होतीच. दुपारी तिचा फोन आला. “ये. पातेलं धरायला कुणीतरी हवं. माझा हात हल्ली भरवशाचा नाही.”

पातेल्यात एकच तुकडा होता. उचा. वर स्वच्छ पांढरं फडकं. थंडी अशी की नाकातला श्वास कडकड वाजत होता. दोन गल्ल्या आम्ही झपझप चाललो. निळ्या छपराच्या घराशी एजेने दार वाजवलं.

झूराने उघडलं. ठेंगणी, गोल, पिठाचे हात. तिने बुरुलकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, परत बुरुलकडे.

आणि दार लावलं. धाडकन. छपरावरचा बर्फ आमच्या डोक्यावर आला.

“एजे,” मी म्हणाले, “चला. परत येऊ कधीतरी.”

“कशाला?” तिचे डोळे चमकत होते. भुवयांवर बर्फ, आणि चेहऱ्यावर पहिलीतल्या पोरीसारखं हसू. “तिने लिहिलंय तसंच चाललंय. अर्धं झालं. आता उघडायचं राहिलं.”

“आणि किती वेळाने ते?”

“ते नाही लिहिलेलं.”

मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत राहिले. आतून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, कोरडा आणि खणखणीत. “कुणाच्या तोंडावर लावलंस गं दार?”

“कुणाच्या नाही, आई.”

“कुणाच्या नाही तर एवढ्या जोरात का? कोण आहे?”

मग झूराचा आवाज, अगदी दारालगतून. म्हणजे ती हललीच नव्हती. “ताटवाली आहे.”

“हं. काय आणलंय?”

“पातेलं.”

“मग उघड की. मटण थंड झालं तर दोष कुणावर घालशील? तिचा काका तर गेला.”

कडी निघाली. झूरा दारात उभी होती, आणि रडणं लपवायला तिने पिठाचे हात तोंडाला लावल्यामुळे ती पांढरीफेक दिसत होती. बुरुल एजे म्हणाली, “किती सुटलीस गं.”

“तू काय काठी आहेस?” झूरा म्हणाली, आणि तिचा हात धरून तिला आत ओढलं.

सायरा-आपा भिंतीशी रजयांच्या ढिगाला टेकून बसली होती. डोळ्यांत दुधाळ पडदा. बुरुलने उचा ताटात काढून तिच्यापुढे ठेवला, दोन्ही हातांनी, आणि गुडघ्यांवर बसली. “आपा, त्या दिवशी हात माझा चुकला. मीच चुकवलं. बोलले नाही.”

म्हातारीने बोटांनी हाड चाचपलं. वरून, खालून, जसं आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो. “हं. हे माझंच.” मग म्हणाली, “हात चुकला ते मला तेव्हाच कळलं होतं. तू हिच्याकडे बघून हसत होतीस. हसताना हात चुकतो. मी काय कधी तरुण नव्हते? मी उठले ते हाडासाठी नाही. तू बोलली नाहीस म्हणून उठले.”

“आज बोलले.”

“उशीर केलास. पण माझे दात असताना आलीस, हे बरं.” तिने सुरीने चरबीचा एक तुकडा कापला, सुनेला भरवला. दुसरा कापला आणि हवेत धरला. बुरुलने तोंड पुढे केलं. तिसरा माझ्या वाट्याला आला. इतका गरम आणि इतका चांगला तुकडा मी जन्मात खाल्ला नव्हता.

चहा झाला. दोघी मैत्रिणी नुसत्या एकमेकींच्या पेल्यात चहा ओतत होत्या, पेला भरलेला असला तरी. शेवटी म्हातारीच म्हणाली, “ए वाचनालयवाली, एक सांग. ते पुस्तक. त्या लांब वेणीवालीचं खरं नाव काय आहे? हिला विचारलं की ही खोकते. अख्ख्या पुस्तकात तिला नावच नाही का?”

झूराने डोळे मोठे करून मान हलवली. नको, नको. बुरुल एजे क्षणभर थांबली, आणि या वेळी गप्प बसली नाही.

“नाव आहे ना, आपा. सायरा.”

“काय?”

“सायरा. तुमचंच.”

म्हातारीचं तोंड उघडं राहिलं. “म्हणजे दीड महिना मी त्या लबाड बाईला शिव्या घालतेय, मेली, कजाग, हिची वेणी चुलीत जावो म्हणतेय, आणि ती सायरा?”

“हो.”

“आणि ही माझी सून समोर बसून माना डोलावत होती?”

“मी काय करणार, आई?” झूराने पदरासारखा रुमाल तोंडात कोंबला होता. “तुम्हीच शिकवलंत, नाव घ्यायचं नाही.”

म्हातारी हसायला लागली. खांदे हलेपर्यंत, खोकला येईपर्यंत. पाणी प्यायल्यावर तिने निकाल दिला. “मग पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. नावासकट. आपल्या नावाची बाई एवढी वाईट नसणार, माझ्याच ऐकण्यात काहीतरी राहिलं.”

“पण मी नाव कसं घेऊ?”

“तू कशाला? ही घेईल. ही काय माझी सून आहे?”

तेव्हापासून दर गुरुवारी वाचनालय एक तास लवकर बंद होतं. दारावर पाटी असते: “वाचकाच्या भेटीला गेले आहे.” झूरा कणिक मळते, बुरुल एजे वाचते, आणि नाव आलं की जरा जास्तच मोठ्याने उच्चारते. सायरा-आपाचं मत अजून तयार व्हायचं आहे. मागच्या आठवड्यात मी विचारलं तर म्हणाली, दिलदेसुद्धा काही साधी नाही, तिने पत्राची चौकशी का केली नाही?

डिसेंबर आला. बुरुल एजेने जुनी कार्डं काढली, शेगडीत घातली, चहा ठेवला. पिवळं कार्ड तिने खणातून काढून बाकीच्या कार्डांच्या खोक्यात, आपल्या जागी लावलं. त्यावर पंचवीस वर्षांनी नवी ओळ लिहिली होती: ‘दहावी ब च्या पोरी’, नेल्याची तारीख. परत केल्याची जागा रिकामी.

“मुदत संपली की,” मी म्हणाले.

“संपू दे,” ती म्हणाली, आणि खुर्ची दाराकडे वळवायची विसरून खिडकीकडे वळवून बसली.